आज नदी जांभळी

प्रिय ठमे,

तुझा फोन आला की मी सगळं ठीक आहे म्हणते आणि ठेवून देते. म्हणून आज लिहायला बसले. अक्षराला हसू नकोस हं, दिवसभर हात रंगाच्या गरम पाण्यात असतात, बोटं वळत नाहीत.

कारखान्यात सध्या जांभळ्या कापडाचं काम आहे, म्हणजे नदीही जांभळी. लहानपणी तू पुलावरून बघून यायचीस आणि आज कुठला रंग ते दारातूनच ओरडून सांगायचीस. नदी रंगली की गल्लीत चुली पेटायच्या. मागच्या महिन्यात आठवडाभर ती अगदी नितळ वाहत होती. काय देखणी दिसत होती गं! आणि आम्ही सगळ्या बायका काठावर तोंडं पाडून उभ्या, कारण नितळ नदी म्हणजे हाताला काम नाही. असली उलटी दुनिया कुणी केली कोण जाणे.

तू तुझ्या प्रदूषण खात्यातर्फे मालकांना पाणी साफ करायचं यंत्र बसवायला सांगितलंस. आज खर्च वाटेल, पण नदी टिकली तरच धंदा टिकेल, असं नीट समजावलंस म्हणे. मला पटलं बाई. मालक म्हणाले, कापड महागलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. मेलं, तेही पटलं! इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींचं पाणी जांभळं.

तुझ्या वहिनीला सातवा लागलाय. तिच्यासाठी पाणी विकत आणतो, आणि ते परवडावं म्हणून तुझा दादा त्याच रंगाच्या हौदावर जादा पाळी करतो.

काल सुटी झाल्यावर बायकांनी मला घेरलं. तुमचीच लेक तपासणीला येणार, तर तिला म्हणावं जरा डोळेझाक कर. मी मान डोलावली. काय करणार? तुझ्या परीक्षांच्या वेळी याच बायकांनी माझं काम आपल्या अंगावर घेतलं होतं.

म्हणून हात जोडून सांगते, तू येऊ नकोस. तुझ्या साहेबांना सांगून दुसऱ्या कुणाला तरी पाठव. तू कारखान्याला कुलूप लावलंस तर इथं मला कुणी दारात उभं करणार नाही. आणि नाही लावलंस, तर तू माझ्या मनातून उतरशील. यातलं एकही मला सोसायचं नाही गं.

तुझीच,
आई