धुऱ्यावरचे रोडगे

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आता नीट आठवत नाही. तुझे रोडगे आठवतात. परवा सुनेने त्यांची कृती विचारली आणि मी ती सांगितली, अगदी पिठात ओवा किती घालायचा इथपर्यंत. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. ती तुलाही कधी सांगितली नव्हती, म्हणून लिहायला बसले आहे.

कापसाला सोन्याचा भाव आला होता ती वर्षं. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी अमरावतीचे व्यापारी आपल्या काळ्या रानात येऊन, बोंडं फुटायच्या आधीच कापूस मागत होते. ज्याने त्याने ज्वारी मोडून कापसाची पऱ्हाटी लावली. माझं लग्न झालेलं होतं, पण नांदायला गेले नव्हते. वेचणीला हात हवेत म्हणून बाबांनी माझं जाणं फाल्गुनावर ढकललं होतं. सकाळी कापूस भरायला कमरेला ओटी बांधून वेचायला लागायचं ते दिवस कलेपर्यंत. शेत गावापासून दीड कोस. बाकीच्या बायका दुपारी भाकरी थापायला घरी पळायच्या, नाहीतर आदल्या दिवशीची शिळी चावत बसायच्या. तुला दोन्ही मंजूर नव्हतं. "दीड कोस जा, चूल पेटव, थाप, अन् दीड कोस वापस ये," तू बाबांना म्हणालीस. "तवरक दोन ओट्या कापूस जातो. काहून जाऊ मी?" बाबा बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

मग तू शेताच्या धुऱ्यावर, त्या बांधाच्या पडीक पट्टीत, हातभर खोल खड्डा खणलास. गव्हाचं जाडंभरडं पीठ तेलाचं मोहन घालून घट्ट मळायचं ते घरीच. शेतात पोचलं की गोवऱ्या पेटवायच्या. धूर सरून निखारे झाले की पिठाचे गोळे आत, शेजारी चार वांगी, वरून राख, राखेवर मोठं खापर आणि खापराच्या कडेने ओली माती. मग तिकडे बघायचंसुद्धा नाही. ऊन डोक्यावर आलं की खापर काढायचं, रोडगे झटकून फोडायचे, वांगी लसूण-मिरचीसंगं ठेचायची आणि जेवायचं. घासायला भांडं नाही आणि कोणाची वाट बघणं नाही. आठ-पंधरा दिवसांत आजूबाजूच्या शेतांतल्या बायका शिकायला येऊ लागल्या. तू शिकवायचीस, पण खापर नीट बसल्याशिवाय कोणाला उठू द्यायची नाहीस. तेवढ्यापुरती तू गावाची पाटलीणच झाली होतीस आणि ते तुला आवडत होतं हे मला दिसायचं.

आत्याला मात्र ते खपलं नाही. रोडगे म्हणजे मारोतीच्या नवसाचं जेवण, गडीमाणसांनी पाराजवळ भाजायचं; बाईने ते रोजच्या पोटासाठी भाजायचे म्हणजे काय, असं ती चार ठिकाणी बोलली. तुझ्या कानावर आलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "पयला त्याच्याच नावानं काढून ठेवतो मी. त्याची काही तक्रार नाही आली अजून."

आता तो दिवस. मी वेचते आहे, बोटांना बोंडांचे काटे लागून भेगा पडल्या आहेत आणि मला भूक लागली आहे. तू पार पलीकडच्या तासांत, पऱ्हाटीच्या ओळींत, पाठमोरी. मी धुऱ्यावर येते, खापर सरकवते, काडीने राख उकरून एक अर्धाकच्चा रोडगा काढते आणि उभ्या उभ्या खाते. राख पायाने लोटते. खापर जड आहे, ते तसंच राहू देते. वारा सुटतो तेव्हा मी पुन्हा तासात पोचलेली असते. कापसाची गंजी धुऱ्यापासून वीस पावलांवर होती. ती जळायला फार वेळ लागला नाही.

सगळी जमली. "राख कोनं उकरली?" तू विचारलंस. मी खाली बघत राहिले. त्या भावाच्या दिवसांत गंजी जाळणारी सून कोण नांदायला नेणार, हा विचार त्या घटकेला माझ्या डोक्यात लख्ख होता. खोटं कशाला सांगू. बाबा तुझ्याकडे बघत होते. शेवटी तूच म्हणालीस, "मीच उघडी ठेवली असन. घाईत होतो." आत्याला मारोती पावला. दुसऱ्या दिवसापासून बायका पुन्हा भाकरी थापायला गावाकडे पळू लागल्या आणि त्यांच्यात तूही होतीस.

तुला माझ्यावर कधी संशय आला का, मला माहीत नाही. आला असता तर बरं झालं असतं. तू स्वतःवरच संशय घेतलास. तुझ्यासारखी झपाझप कामं उरकणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि तीच तू चूल विझली की नाही ते तीन-तीनदा बघायला लागलीस. मामाच्या घरी अकोल्याला निघालो होतो, गाडी वेशीबाहेर पडली होती, आणि तू उतरून घरी परत गेलीस. चूल थंडगार होती. बाबा हसले, भाऊ हसले, मीही हसले. शेवटच्या दुखण्यातही तू उठून चुलीपाशी जायचीस आणि राखेवर हात धरून बसायचीस. ते मी केलं, माय. त्याची मला लाज वाटते.

आता इथे अमरावतीत कापसातली सरकी काढायला वाफेची यंत्रं आली आहेत. मुलगा तिथेच कामाला आहे; भोंगा झाला की जेवायला येतो आणि पुढच्या भोंग्याआधी त्याला परत पोचायचं असतं. म्हणून सुनेला झटपट होणारं काहीतरी हवं होतं. खड्डा तिने परसात खणला, चांगला खणला. खापर ठेवताना हसून म्हणाली, तुमच्या मायने घाईत गंजी जाळली होती म्हणे, मी नाही तशी करणार. ती गोष्ट आपल्या घरात अशीच सांगतात. मुलगा तिथेच उभा होता. बोलायचं तर तेव्हाच बोलता आलं असतं.

"होव," मी म्हटलं, "माय घाईचीच होती."

हे तुला लिहिलं, पण घरात ठेवणार नाही. सुनेला वाचता येतं.