जोडीदाराची साखर

३ जानेवारी
मुकादमाने आज सगळ्यांसमोर शोभा केली. म्हणे कंटेनर हवेत लटकत ठेवून तुम्ही लघवीला उतरता, खाली माणसं माना वर करून उभी राहतात. मी म्हटलं, मग काय खिडकीतून करू. तो म्हणाला, शिफ्टभर तुम्ही क्रेनवर कमी आणि शिडीवर जास्त असता. अतिशयोक्तीलाही काही मर्यादा असते.

५ जानेवारी
डॉक्टरांकडे. प्रोस्टेटची ग्रंथी वाढली आहे, ऑपरेशन लागेल. म्हटलं, उद्याच करा. तर म्हणे आधी रक्त तपासा, साखर चढलेली निघाली तर ती, बीपी आणि पोट खाली आणायला तीन महिने घ्या. साखर चढलेली असली की इन्फेक्शन होतं, जखम लवकर भरत नाही, आणि ऑपरेशन उत्तम होऊनही त्रास उरतो. पोटाकडे बघून बोलत होते. मी म्हटलं, क्रेनलाही मागे काउंटरवेट असतंच. हसले नाहीत. शिकलेल्या माणसांना विनोद कळत नाही.

तीन महिने आणू कुठून? एप्रिलच्या सुरुवातीला बंदरात नवी क्रेन येते आहे. एसी केबिन, वर जायला लिफ्ट. सीनियर मी, त्यामुळे ती माझीच. पण कंपनीला फिटनेस सर्टिफिकेट हवं. नाही मिळालं तर रिटायर होईपर्यंत यार्डात उभं राहून दुसऱ्याच्या क्रेनला हाताने इशारे करायचे. आयुष्यभर मी वर बसलो आहे. खालून वर बघायची मला सवय नाही.

८ जानेवारी
आजपासून गोड बंद, रोज चालणे. बायकोने साखरेचा डबा शेजारी नेऊन ठेवला. इतका अविश्वास.

९ जानेवारी
गुडघा दुखतो आहे. चालणे सोमवारपासून. कॅन्टीनमध्ये चहाबरोबर बिस्किटं खाल्ली, पण ती खारी होती. निदान एका बाजूने.

१९ जानेवारी
काल दिवसभर उपाशी राहून आज ऐटीत लॅबमध्ये गेलो. तिथली मुलगी म्हणाली, काका, ही तपासणी मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवते, एका दिवसाच्या उपासाने काही होत नाही. रक्त न देताच परत आलो. ही तपासणी आहे की चौकशी आयोग?

२१ जानेवारी
मार्ग सापडला. क्रेनवर माझा एक जोडीदार आहे. अर्धी शिफ्ट तो, अर्धी मी. मला उशीर झाला तर तो माझं कार्ड पंच करतो, त्याला झाला तर मी त्याचं. यार्डात हे चालतंच, त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. गडी काडीसारखा, चहासुद्धा कोरा पितो. त्याला म्हटलं, एवढी एक बदली कर. तो म्हणाला, दादा, रक्ताचीही बदली असते होय? मी म्हटलं, चार थेंबांचं काम आहे.

गेला. लॅब मुद्दाम दुसरी; तिथल्या मुलीने माझं वय वाचून त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो म्हणाला, केस रंगवतो.

२३ जानेवारी
साखर एकदम नॉर्मल. डॉक्टरांनी पाठ थोपटली, ऑपरेशनची तारीख दिली. रिपोर्ट बघून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. साखरेचा डबा घरी परत आला. संध्याकाळी केक.

खरं सांगायचं तर इतका चांगला रिपोर्ट वाचून मलाही हलकं वाटतं आहे. माझीही तपासली असती तर साधारण एवढीच निघाली असती.

७ फेब्रुवारी
आज ऑपरेशन. सकाळी नर्सने बोट टोचलं, तर साखर भलतीच वर. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, फाइल उघडून रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, टेन्शनने चढली असेल. मी लगेच म्हटलं, टेन्शनच. इन्सुलिन दिलं आणि आत घेतलं.

१२ फेब्रुवारी
शेजारच्या खाटेवरचा म्हातारा, ऑपरेशन तेच, कधीच घरी गेला. माझी नळी काढली, लघवी होईना, परत घातली. वर ताप. हॉस्पिटलमध्ये स्वच्छता म्हणून नाही. इथून निघालो की तक्रार करणार आहे.

६ मार्च
घरी. नळी निघाली. आता लघवी होते, फक्त मला विचारून होत नाही. डायपर. बायको शिरा ताणून सगळ्यांना सांगते, साखर चांगली आहे, अशक्तपणा तेवढा आहे. सकाळ-संध्याकाळ दूध-साखर, सुकामेवा, मध. मी खातो. तिचं मन कशाला मोडा.

२ एप्रिल
नवी क्रेन आली. सर्टिफिकेट आणायला गेलो, डॉक्टर देईनात. म्हणाले, वाट मोकळी केली आहे, पण मूत्राशयच थकलेलं दिसतं. बरीच वर्षं साखर अंगात मुरली की असं होतं, आणि जखमही अशीच रेंगाळते. तसं असतं तर मी थांबलो असतो, साखर आणि वजन खाली आणून मग ऑपरेशन केलं असतं, तुम्ही कदाचित आज वर बसला असता. पण तुमची साखर तर नॉर्मल होती, काका. काही कळत नाही. परवा पुन्हा रक्त द्या.

कदाचित वर बसलो असतो. हे मला मुद्दाम ऐकवायची काय गरज होती?

४ एप्रिल
लॅबच्या दारातून जोडीदाराला फोन केला. म्हणाला, दादा, आता नाही जमायचं, मी वर आहे. विचारलं, वर म्हणजे कुठे? नव्या क्रेनवर. ऑर्डर कालच निघाली. मला यार्ड, कायमचं. लाज वाटत होती त्याला सांगताना. मला ऐकताना जास्त वाटली.

आत गेलो. या वेळी माझंच रक्त दिलं.

५ एप्रिल
बायकोने दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. म्हणाली, अहो, इतका फरक कसा? यातला तुमचा कुठला? मी नव्यावर बोट ठेवलं. मग हा पहिला कोणाचा? सांगितलं.

तिने माझ्यासमोरचा दूध-साखरेचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, म्हणजे इतके दिवस मी त्यांची साखर बघून तुम्हाला वाढत होते.