विमानाचा बद्द आवाज

सोम. २ फेब्रु.
वर्षा जेवली नाही. ताट सारून उठली. विचारलं तर म्हणाली, "काही नाही बाबा, एक पॅनल अडलं." नव्या विमानाचं पॅनल. आवाजापेक्षा जोरात जाणार म्हणे ते. नागपूर-दिल्ली पाऊण तासात. ही, वर्षाची आई, म्हणाली, "पाऊण तास तर मले इतवारीतून घरी याले लागते."
अजून पहिलं उडणं व्हायचं आहे. ते धड झालं तर पुढे प्रवासी बसणार. नाही झालं तर सगळंच गुंडाळतील. पहिल्या खेपेला आत दोन वैमानिक असतील. हे मला ठाऊक नव्हतं. मी समजत होतो रिकामंच सोडतात.

मंगळ. ३
आज बोलली. पॅनलवर लहान हातोडीने ठोकत जायचं, आतला थर सुटला असेल तर आवाजावरून कळतं. हे तिचं काम. मशीन म्हणते पॅनल ठीक आहे. वर्षाला एका जागी बद्द लागलं. कारखान्यातल्या साहेबांना तसंच सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, बद्द कोणत्या रकान्यात लिहू?" सगळे हसले.
शब्द माझा आहे. चाळीस वर्षं इतवारीच्या बाजारात भांडी ठोकली. शाळा सुटली की ही पोरगी दुकानात. गिऱ्हाइकाच्या आधी पाण्याच्या पितळी गुंडावर टिचकी मारायची. खणखणीत आणि बद्द, एवढे दोनच शब्द शिकवले तिला. सातवीतून उठलेला बाप आणखी काय देणार.
साहेबांना विचारून तिने तीन जागचे ठोके फोनवर भरून आणले होते. फोन माझ्यासमोर गादीवर ठेवला. "सांगा बाबा."
मी म्हणालो, तिसरा बद्द.
तिचा चेहरा मोकळा झाला.

बुध. ४
पॅनल ठीक असल्याची सही केली नाही तिने. पॅनल थांबलं.
माझा उजवा कान दोन वर्षांपासून कमी ऐकतो. हिलाही पुरतं सांगितलेलं नाही. काल कोणत्या कानाने ऐकलं? आठवत नाही. तिसरा ठोका बद्द होता का, की ती माझ्या तोंडाकडे बघत होती म्हणून मी तसं म्हणालो?

गुरु. ५
बाबाराव आला, शेजारच्या दुकानाचा जुना मालक. त्याची भाची त्याच कारखान्यात आहे, सगळं कळलं त्याला. "काय गा, तुझी पोरगी इमान थांबवून राहिली म्हणते! आपण तर सायकलची रिक्षाही नाही थांबवली कधी." मी हसलो. हसू नीट आलं नाही.
जाताना म्हणाला, "इमान बनवणाऱ्या बाहेरच्या कंपनीचे लोक चिडून आहेत. पॅनल लौकर नाही गेलं तर काम दुसरीकडे देतीन. मग पोरीले कोण ठेवते?"
वर्षाने हे घरी सांगितलं नव्हतं.

शुक्र. ६
बी.पी. वाढलं. गोळी घेतली. ही म्हणते, "काहून एवढा घोर लावून घेता जी? उडणारे उडतीन."
उडतील. तेच तर.

शनि. ७
दुकानात गेलो. आता पुतण्या बघतो. एक नवा गुंड पोत्यावर होता, बसल्या बसल्या सवयीने टिचकी मारली. बद्द. उचलून पाहिला. चीर नाही, काही नाही. बोटावर लटकवून पुन्हा मारली. खणखणीत! देवळातल्या घंटेसारखा.
माझे वडील म्हणायचे, टेकलेलं भांडं खोटं बोलतं. पहिला धडा हाच. वर्षाला दिलाच नाही, कारण दुकानात भांडं लटकवूनच तिच्या हाती द्यायचो. तिला वाटलं असेल, कुठेही ठेवलं तरी आवाज तोच.
ते पॅनल कशावर टेकलं होतं? मी विचारलंच नाही.

रवि. ८
सकाळपासून सांगायचं ठरवतो आहे. सांगितलं आणि ती म्हणाली, मग माझंच चुकलं, आणि सही करून बसली तर? आणि आवाज खरा असला तर? आत दोन माणसं. नंतर बायाबापड्या, लेकरं बसतील. नाही सांगितलं तर पोरीची नोकरी जाते, तीही माझ्या बहिऱ्या कानापायी.
चहाच्या वेळी टेकलेल्या भांड्याचं सांगितलं. कानाचंही. ही चहा गाळता गाळता थांबली.
वर्षा म्हणाली, "फोमच्या ठोकळ्यांवर होतं." मग, "बाबा, हे तुम्ही आज सांगून राहिले? मी चार दिवस सगळ्यांशी भांडून राहिली."
"मले आत्ता उमजलं वं."
"कानाचंही आत्ताच उमजलं का?"
माझा चहा तसाच निवला.

सोम. ९
वर्षा साहेबांशी बोलली, आईला सांगताना मी ऐकलं. ते भले माणूस दिसतात. म्हणाले, पट्ट्यांवर टांगून ठोका, उद्या अकराला, एकदाच. आवाज चांगला निघाला तर तिने लिहून द्यायचं की थांबवलं ती माझी चूक. तरीही बद्द निघाला तर पॅनल कापून बघणार. कापलं आणि आत थर नीट निघाला तर... पॅनलही गेलं, नोकरीही.
आज जेवली मात्र. माझ्याशी बोलली नाही. पोळी वाढली, तूपही. एवढंच.

मंगळ. १०
निघताना मी म्हणालो, "नुसतं ऐकू नको. दुसऱ्या हाताची बोटं मागून लावून ठेव. चीर असली तर थरथर तिथंच मरते." तिने मान हलवली. चप्पल घालता घालता म्हणाली, "हेही आधी सांगायचं होतं न बाबा."
साडेदहा. पेपर उलटा धरला होता, हिने सरळ करून दिला.
अकरा.
सव्वाअकरा. फोन आला. डाव्या कानाला लावला. मागे मोठ्या जागेचा घुमारा, कोणीतरी खाकरलं. "बाबा, टांगलं आहे. साहेब इथेच आहेत. ऐका."
एक ठोका. चांगला.
दुसरा. चांगला.
तिसरा. त्याच क्षणी कुकरची शिट्टी झाली. ही धावली, गॅस बंद केला, तोंडाला पदर लावून दारात उभी राहिली.
"सांगा."
अंदाजाने सांगता आलं असतं. मागच्या मंगळवारी तेच केलं होतं.
"मले ऐकू नाही आलं," मी म्हणालो. "मले नको विचारू. बोटं लागून आहेत न तुझी?"
"आहेत."
"मग तू सांग."
ठोका पुन्हा वाजला, एकच, अगदी हळू. मग तिने फोन ठेवला.
दीड वाजला. अजून फोन नाही. पॅनल कापत असतील, नाहीतर ती चूक लिहून देत असेल. ही म्हणते, जेवून घ्या. मी म्हणालो, ती आल्यावर जेवू.