ताईकडून आलेला ताप

तांडा, ता. झरी जामणी
१२ ऑक्टोबर २०२४

चि. बादल यास,
संगीताताईचे अ. आ. वि. वि.

फोन केला का तू सारं ठीक हाये म्हणून ठेवून देतं, म्हणून माह्या इंद्रजीतच्या हाती चिठ्ठी पाठवून राह्यली. तुह्या बायकोनं, राखीनं, काल रडत रडत सांगतलं का हा ताप व्हायरसचा हाये, अन् तो माह्या किडनीतून तुह्या अंगात गेला. मले तं जेवणच गेलं नाई. भाऊ वाचावा म्हणून किडनी देल्ली, अन् तिच्यासंगं काय देऊन बसली मी?

मी आपली ताटवाटी अलग केली. इंद्रजीतच्या पोराले, रजतले, हात लावत नाई. तो दारातून हात पुढं करून रडते, अन् सून माह्या तोंडाकडे पाहते. डॉक्टरले म्हण, ते किडनी काढून टाका. खरं काय ते लिहिजो, गोड गोड लिहू नको.

सारा जीव तुह्याकडे लागलेली,
संगीताताई


नागपूर
१६ ऑक्टोबर

ती. संगीताताईस,
बादलचा शि. सा. न. वि. वि.

खरंच लिहितो. ताप तुह्याच किडनीतून आला. पण हा व्हायरस आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसायच्या अंगात लहानपणापासून झोपून असते, काही करत नाई. माह्या अंगात तो नव्हता. अन् किडनी टिकावी म्हणून मी ज्या गोळ्या खातो, त्यायनं अंगाची लढायची ताकद कमी होते, म्हणून तो जागा झाला. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरनं हे आपल्या दोघायलेही समजावून सांगतलं होतं. तवा डायलिसिसवर मले पाणी मोजूनच भेटे, म्हणून तू एकच विचारलं, माहा भाऊ पोटभर पाणी पिईन ना? बाकीचं तुह्या कानात शिरलंच नाई.

गेल्या हप्त्यात हालत खराब होती, मलेही भेव लागलं होतं. आता इंजेक्शनं सुरू हायेत. ताप उतरला, रक्तातला व्हायरस कमी होऊन राह्यला. औषध अजून बरेच दिवस लागन, पण किडनी चांगली चालते म्हणे. तुह्या ताटवाटीचंही विचारलं, तं डॉक्टर हासले. इतकी वर्षं राह्यली तशीच राहा म्हणे. रजतले कडेवर घे, नाईतर सून म्हणन, सासू सनकली.

अन् काढून टाका कायले म्हणतं? एकदा देल्ली तं देल्ली, ताई. आता ते माही हाये, तिच्या तापासकट. माह्या वस्तूले नावं ठेवलेली मले खपत नाई.

तुह्या मायेत असलेला,
बादल