मागच्या दाराचं कुलूप

५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चाचणी बरी गेली, गणिताने तेवढं नाक कापलं. बाबांचा खोकला थांबलाय. आता मुद्द्याचं, रागवायचं ते शेवटपर्यंत वाचून.

पुठ्ठ्याच्या कारखान्याच्या आगीला तेवीस वर्षं झाली. तीन बायका मागच्या दाराशी गुदमरून गेल्या. दाराला बाहेरून कुलूप होतं, ते पहारेकरी म्हणून आजोबांनीच लावलं असं सगळ्यांनी ठरवलं. खटला उभा राहायच्या आत आजोबा गेले नि फाइल बंद झाली. वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रात मला त्या दाराचा फोटो सापडला. कुलूप गोल, पितळी. पोलिसांनी परत केलेल्या आजोबांच्या जुडग्यात त्याला लागेल अशी एकही किल्ली नाही. मग लावलं कुणी?

लोभ आहेच; ओरडलीस तरी तो आटू देऊ नकोस.
तुझी भिंगरी

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गणितात नाक कापून घेतेस आणि निघालीस तपासाला! शिवणवर्गात तुझं पत्र वाचलं आणि एका पोरीच्या झग्याला दोन डाव्या बाह्या लावून बसले.

खपली काढू नकोस, बाळ. तेव्हाचा व्यवस्थापक आज तुझ्या शाळेचा अध्यक्ष आहे. पाण्यात राहून माशाशी वैर परवडत नाही. माझ्या दादाला, तुझ्या बाबांना, जप; अभ्यास कर.

रागावले असले तरी तुझीच,
आत्या

२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, मासा आधीच चवताळलाय.

कुलूपवाल्या म्हाताऱ्याला मी फोटो दाखवला. त्याने लगेच ओळखलं. आगीच्या आठवड्यात व्यवस्थापक स्वतः येऊन ते घेऊन गेला होता, दोन्ही किल्ल्यांसकट. इतकी वर्षं का बोलला नाहीत म्हटलं, तर म्हणाला, विचारलं कुणी? आता त्याने सहीनिशी लिहून दिलंय.

ते कानावर जाताच मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. माफीनामा लिही, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही, म्हणाल्या. मी कागदावर एवढंच लिहिलं, कुलूप कुणी लावलं? बाबांनाही बोलावणं गेलं. आपले बाबा, जे रिक्षावाल्याशीही वाद घालत नाहीत, ते म्हणाले की पोरीचं नाव खुशाल काढा, आम्ही आमचं नाव धुऊन घ्यायला निघालोय.

मी हटणार नाही. तुला काही ठाऊक असेल तर सांग.

तुझ्या मायेवर भिस्त ठेवून,
भिंगरी

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

ठाऊक आहे. मी पाहिलं होतं.

चौदा वर्षांची होते. त्या दुपारी माझ्या बाबांचा, तुझ्या आजोबांचा, डबा घेऊन मागच्या वाटेने गेले, तेव्हा व्यवस्थापक स्वतः दाराला कुलूप लावत होता. बायका हवा खायला सारख्या बाहेर पडतात म्हणून करवादत होता. बाबा तेव्हा पुढच्या फाटकावर होते. दुसऱ्या दिवशी मी एकटी चौकीवर गेले. फौजदार हसला, पोरीबाळींनी असल्या भानगडीत पडू नये म्हणाला. घरी आल्यावर आईने शपथ घातली. तिला भीती होती, नवऱ्यामागोमाग मुलगीही अडकेल. पुढे मी गाव सोडलं. बाबांच्या फोटोकडे आजही सरळ बघवत नाही.

तुला गप्प बस म्हणाले, ते मागे घेते. शनिवारी पोचते आहे. अडवायला कोण येतं ते बघूच.

तुझ्याकडून उशिरा शिकलेली,
आत्या

१८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या तक्रारीवरून फाइल उघडली! नव्या फौजदारबाईंनी तुझा आणि कुलूपवाल्याचा जबाब पुढे पाठवला. अध्यक्षांची दोनदा चौकशी झाली, शाळेचं पद गेलं. मी परीक्षेला बसले. गणिताबद्दल विचारू नकोस. गेलेल्यांपैकी एकीची लेक कोपऱ्यावर भाजी विकते. आपल्याला बघून तोंड फिरवायची, ती काल घरी आली. बाबांसमोर बसून खूप रडली आणि तक्रारीवर आपलीही सही करून गेली.

आज अध्यक्षांचा माणूस आला. म्हातारा माणूस आहे, झालं गेलं विसरा, तक्रार मागे घ्या, म्हणत होता. बाबांनी त्याला नीट बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, ती मागे घेणं आमच्या हातात नाही, त्या तिघींना विचारून या.

पुन्हा ये लवकर, वाट बघतोय.
तुझी भिंगरी