पिवळी रेघ

प्रिय मुकादमबाई,

पाकीट जड लागलं म्हणून आधी हलवून पाहिलं असशीलच. आत काय आहे ते शेवटी सांगतो, तोवर ते टेबलावर ठेव आणि पत्र वाच. फोनवर मी हवापाण्याच्या पुढे जात नाही आणि तू लगेच आईला द्यायला सांगतेस, म्हणून म्हटलं लिहावं. अक्षर माझंच आहे, कोंबडीचे पाय समजून सोडून देऊ नकोस.

आधी घरची खबर. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण काठी न घेता ती बाजारात जाऊन येते आणि येताना पिशव्या मलाच धरायला लावते. गॅरेजमधला आपला रंगारी आजोबा झाला. लेथवाल्याला कमी ऐकू येतं. बायकोचं मुळीच येत नाही, असं तोच सांगतो. आणि आपला निळा ट्रक मी देऊन टाकतोय. त्या दिवसापासून सहा वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा होता. रोपवाटिकेच्या बाईंना कुंड्या वाहायला हवाय. मागची बाजू नीट करून द्या, म्हणाल्या, म्हणून मी इतक्या वर्षांनी तिथे हात घातला.

मागचं ते काम माझंच, तुला आठवत असेल. स्प्रिंगचे पाटे काढून हवेच्या फुग्यांचं सस्पेन्शन बसवायची हौस मला आली होती. भंगारातून दुसऱ्याच गाडीचा एक्सल, चाक ज्यावर बसतं त्या हबसकट, उचलून आणला, जागच्या जागी बसवला, आणि चाकं मात्र आपली जुनीच ठेवली. हबला पाच बोल्ट, चाकाला पाच भोकं, मग अडलंय कुठे? तू व्हर्नियर घेऊन उभी होतीस. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास दोन्हीकडे मोजून घेऊ, म्हणालीस. मी म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून हा डोळा मोजतोय. चाक जरा अडत होतं. दोन्ही बाजूंना हातोडीचे दोन-दोन ठोके दिले, चाकं बसली, आणि मी मिशीवरून हात फिरवला. नट तू आवळलेस, एक सोडून एक अशा क्रमाने. मग आपल्या गॅरेजच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक नटावरून खाली चाकापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढलीस. नट जरा जरी फिरला तरी ती रेघ तुटते आणि लांबूनही कळतं.

दहाव्या दिवशी तू आईला शेजारी बसवून निघालीस आणि वळणावर मागचं डावं चाक निखळून नाल्यात गेलं. आईचा गुडघा तेव्हाचा. मी धावत आलो, हबवर तुटलेले बोल्ट पाहिले आणि निकाल देऊन मोकळा झालो. नट ढिले राहिले की बोल्ट तुटतात, हे कुणीही सांगेल. रंगारी, लेथवाला, वेल्डर, सगळ्यांसमोर तुला बोललो. तू एवढंच म्हणालीस, “बाबा, मी घट्ट आवळले होते.” मी म्हणालो, “मग चाक काय आपल्या पायांनी गेलं?” सगळे हसले. दुसऱ्या दिवशी तू किल्ल्या खुंटीला लावल्यास आणि परत कधी पान्याला हात लावला नाहीस.

गेल्या मंगळवारी मी उजवं चाक उघडायला बसलो. ते त्या दिवशी निघालं नव्हतं, म्हणून कुणी पाहिलंही नव्हतं. धूळ पुसली तर पाचही रेघा जशा तू ओढल्या होत्यास तशाच, नटावरची चाकावरच्या रेघेला जुळलेली. पाना लावला तर दोन नट बोल्टाच्या तुकड्यासकट हातात आले. बोल्टांच्या आत जुनी, गंजलेली चीर होती, आणि चाकाची भोकं एका अंगाने झिजलेली. मग फळीवरून तुझं व्हर्नियर काढलं. चाकाच्या भोकांचं वर्तुळ एकशेवीस मिलिमीटर, हबच्या बोल्टांचं त्याहून अर्धा-पाऊण मिलिमीटर जास्त. म्हणजे मी ठोकून बसवलं तेव्हाच बोल्ट वाकडे ताणले गेले होते. तुझे नट घट्टच होते.

आणि खरं सांगायला बसलोच आहे तर सगळंच सांगतो. ते ठोके मला त्या दिवशी नाल्याच्या काठावरही आठवले होते. मी ते मनातल्या मनात दाबून टाकले, कारण तुझ्यावर ढकलणं सोपं होतं.

आईला सांगितलं. वाटलं, रडेल नाहीतर भांडेल. भाजी निवडताना मान वर न करता ती म्हणाली, “मला काय सांगताय? जिला सांगायचं तिला सांगा.” आधी तेव्हा हसलेल्या त्या तिघांना मी गॅरेजमध्ये बोलावून चाक दाखवलं. चूक माझी होती हे लेथवाल्याच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे पलीकडच्या चार दुकानांनाही कळलं. बरंच झालं. ट्रकला आता मापाची चाकं आणली आहेत, दोनदा मोजून, हातोडीशिवाय बसलेली.

पण पत्र लिहायला बसलो ते परवा जावईबापूंचा फोन आला म्हणून. बोलता बोलता ते हसून म्हणाले, की घराला कुलूप लावून तू जिना उतरतेस आणि गॅस बंद केला का ते बघायला तीन-तीनदा वर जातेस. गाडी घरात असून चालवत नाहीस, मागे बसतेस. ती सवय मी लावली, पोरी. माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो, मला माफ कर. पाकिटात त्या उजव्या चाकाचा एक नट आहे. बोल्ट तुटला, तरी त्याचा तुकडा नटाने अजून धरून ठेवलाय, आणि वर तुझी पिवळी रेघ आहे. तो खिशात ठेव. जिन्यावर पाय थबकला की चाचपून बघ. तू आवळलेला नट केसभरही हलला नव्हता. गॅस तू बंद केलेलाच असतो. खाली उतर, आणि पुढे बस.

तुझाच,
डोळ्यावर विसंबलेला
बाबा