मार्चमधलं रडणं

४ ऑक्टो. १९९७
शेवटचं प्रकरण टाइप होऊन आलं. फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांतल्या मजूर बाया, शंभर वर्षांपूर्वीच्या. नऊ वर्षं घासली! तिथल्या एका मुकादमाच्या वहीत दर मार्चला तोच शब्द: रडणं. 'आज रडणं सुरू.' 'रडणं थांबलं.' त्यावरून मी मांडलंय की मार्चमध्ये मजुरी कापत, म्हणून बाया रडत. पुण्यात हा पेपर वाचला तेव्हा काय टाळ्या! डिसेंबरअखेर प्रबंध द्यायचा, नाहीतर नोंदणी रद्द. देणारच.

१२ ऑक्टो.
निफाडला धाकट्या भावाकडे, नानाकडे. बागेत छाटणी चालू. पेठहून बाया आल्यात, त्यांत तुळसाबाई जुनी. छाटलेल्या काडीच्या टोकाला थेंब लोंबत होते. विचारलं, हे पाणी कसलं?
"येल रडतोय, बाय. छाटला का रडायचाच."
मुकादम बायांचं कशाला लिहील? मेला वेलींचं लिहीत होता! घरी येऊन जाडा फ्रेंच कोश काढला. आहे. चौथा अर्थ: छाटलेल्या वेलीतून गळणारं पाणी. शेतकऱ्याची पोरगी ना मी? गाढव!

१५ ऑक्टो.
मार्गदर्शक सरांना फोन. "राहू द्या हो. कुणाला कळणारंय? त्या शब्दावरच तर तुमचं नाव झालंय."
"मला कळलंय ना सर!"
"मग नोंदणी गेली तर माझ्याकडे रडत येऊ नका." तेही रडण्याचंच बोलले. प्रकरण बाद. अडतीस पानं.

२३ नोव्हें.
सापडलं!! वेलींचं रडणं थांबलं की पंधरा दिवसांत वहीत बायांचा आकडा दुप्पट. दर वर्षी. म्हणजे बायांना काम कधी मिळणार हे वेल ठरवायची. नऊ वर्षं डोळ्यांसमोर होतं. आधीच्यापेक्षा हे कितीतरी दमदार. एकटीच खोलीत नाचले. शेजारीण डोकावून गेली.

३० डिसें.
दिला प्रबंध. एक दिवस राखून. हुश्श.

१७ एप्रिल १९९८
तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक कडक. "स्वतःचाच गाजलेला पेपर खोडलात. आधार काय?"
कोश सांगितला, पान सांगितलं. मग म्हटलं, पण पहिला आधार तुळसाबाई, छाटणी मजूर, तालुका पेठ. तळटीपेत आहे. सर छताकडे बघत बसले. परीक्षकांनी फाइल मिटली. "तो जुना पेपर मी वर्गात शिकवतो. उद्यापासून हा शिकवेन."
डॉक्टर झाले! जिंकले! नानाला फोन केला तर म्हणे, "ताई, आता सुई कुणाला टोचणार?" मेल्याला कायम थट्टा.

९ ऑक्टो. १९९८
फ्रान्सहून पत्र! तिथल्या विद्यापीठात व्याख्यान द्या म्हणतात, तिकीट त्यांचं. मी, निफाडची पोरगी, फ्रेंचांना त्यांचा मुकादम समजावणार! पेढे घेऊन थेट बागेत. तुळसाबाईला सगळं सांगितलं. म्हटलं, तुमचं नाव छापलंय. ती खूश. पेढा खाता खाता विचारती झाली, "आन् तिथल्या त्या बाया? त्यांची नावं काय व्हती?"
वहीत वेलींच्या जातींची नावं आहेत, बैलांचीसुद्धा आहेत. बायांचा नुसता आकडा. आणि मी कधी विचारलंच नाही.
आजच होकार कळवला. सोबत लिहिलं, व्याख्यान एक दिवस, पण मला महिनाभर राहायचंय. त्या गावचे जन्म-लग्नाचं दप्तर बघू द्याल का?
बघू काय म्हणतात.